डीव्ही लॉटरी : फॉर्म भरतानाच होणाऱ्या या चुका टाळा

अमेरिकेचा डायव्हर्सिटी व्हिसा (डीव्ही) म्हणजे लॉटरीनं मिळणारा कायमच्या वास्तव्याचा, ग्रीन कार्डाचा व्हिसा. त्याबद्दल आपल्याकडे दोन टोकांचे समज आहेत. ‘भारतीयांना ती लॉटरी बंद आहे’ हा एक. तो ऐकून काही जण पात्र असूनही अर्ज करत नाहीत. ‘फॉर्म भरायला काय जातंय’ हा दुसरा. असे लोक एजंटाकडे फोटो आणि पासपोर्टची झेरॉक्स देऊन मोकळे होतात आणि नंबर लागल्यावर थेट मुलाखतीच्या खिडकीपाशी नकार ऐकतात. त्या नकाराचं मूळ बहुतेक वेळा वर्ष-दीड वर्षापूर्वी घाईत भरलेल्या त्या छोट्याशा ऑनलाइन फॉर्ममध्ये असतं. मुलाखतीची तयारी कितीही चांगली केली तरी तिथली काही विधानं मागाहून बदलता येत नाहीत. म्हणून या लेखातला जास्त भाग अर्जाच्या दिवसाबद्दल आहे.

आधी एक महत्त्वाची गोष्ट. डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्यानं या कार्यक्रमाला स्थगिती देण्याचं जाहीर केलं. शिवाय काही देशांच्या नागरिकांवर वेगळी प्रवेशबंदी आहे. त्यामुळे नोंदणी खुली आहे का, हे अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या, म्हणजे पत्त्याच्या शेवटी ‘डॉट गव्ह’ असलेल्या संकेतस्थळावर स्वतः बघा. ‘बंद असलं तरी आम्ही आतून करून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. पूर्वी अर्ज मोफत होता, २०२५ च्या नियमानं त्याला एक डॉलर शुल्क लागलं. अर्जासाठी सरकार एवढंच मागतं.

पासपोर्ट बघून पात्रता ठरवू नका

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. १९९० च्या कायद्यानं हा व्हिसा आला आणि १९९५ या आर्थिक वर्षापासून तो दिला जाऊ लागला. मागच्या पाच वर्षांत ज्या देशातून कौटुंबिक आणि नोकरीच्या मार्गानं ५०,००० हून जास्त लोक कायमचे अमेरिकेत गेले, तो देश यातून वगळला जातो. भारत त्यामुळेच बाहेर आहे. यादी दर वर्षी नव्यानं लागते. ब्रिटन बरीच वर्षं वगळलेल्या देशांत होता, नंतर पात्र झाला. म्हणून मागच्या वर्षीची यादी बघून अर्ज करू नये.

पण ‘देश’ म्हणजे इथे जन्माचा देश. नागरिकत्वाचा किंवा सध्या राहता तो नव्हे. मडगावात जन्मलेल्या आणि आता पोर्तुगीज पासपोर्टवर लंडनमध्ये नोकरी करणाऱ्या गोवेकराची गणना भारतातच होते. उलट, आईवडील रत्नागिरीचे, पासपोर्ट भारतीय, पण जन्म मस्कत, दुबई, कुवेत किंवा बहारीनचा असेल, तर ती व्यक्ती डीव्हीसाठी त्या आखाती देशाची धरली जाते. तिथलं नागरिकत्व कधीच मिळालं नाही, वडिलांची नोकरी संपल्यावर रेसिडन्सीही गेली, तरी फरक पडत नाही. आखातात जन्मून पुण्या-मुंबईत शिकलेली अशी हजारो मराठी मुलं आहेत आणि त्यांतल्या कित्येकांना हे कुणी सांगितलेलंच नाही. मॉरिशसमध्ये जन्मलेले मराठी, इस्रायलमध्ये जन्मलेली बेने इस्रायली (मूळच्या कोकणातल्या ज्यू) कुटुंबांतली मुलं यांचंही तसंच. बेने इस्रायली आजोबा अलिबागचे असले तरी नातवाचा जन्म लोद किंवा दिमोनाचा असेल, तर देश इस्रायल.

हे वाचणाऱ्यांत कुणी आखातात जन्मलेला असेल आणि अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असेल, तर त्यानं आपल्या वकिलाला आणखी एक गोष्ट विचारावी. नोकरीच्या ग्रीन कार्डाची रांगही जन्माच्या देशावरच लागते. केवळ भारतीय पासपोर्ट आहे म्हणून भारताच्या लांबलचक रांगेत उभं राहण्याची गरज नसते.

जन्म भारतातला असेल तर दोनच वाटा उरतात. पहिली जोडीदाराची. पत्नीचा जन्म नेपाळचा किंवा श्रीलंकेचा असेल आणि तो देश त्या वर्षी पात्र असेल, तर नवऱ्याला तिच्या देशावर अर्ज करता येतो. अट अशी, की लग्न अर्जाआधी झालेलं असावं, तिचं नाव अर्जात असावं, दोघांनाही व्हिसा मिळावा आणि दोघांनी अमेरिकेत एकदमच प्रवेश करावा. ‘मी आधी जाऊन घर बघतो, तू मागून ये’ हे इथे चालत नाही.

दुसरी वाट आईवडिलांची, आणि ती फार अरुंद आहे. तुमचा जन्म झाला तेव्हा आई किंवा वडील यांपैकी कुणीही भारतात जन्मलेलं नसेल आणि दोघंही इथले रहिवासी नसतील, तरच त्यांच्यापैकी एकाच्या जन्मदेशावर दावा करता येतो. पुण्यात परदेशी विद्यार्थ्यांची परंपरा जुनी आहे. शिक्षणापुरतं आलेल्या अशा परदेशी जोडप्याला पुण्यात मूल झालं, तर त्या मुलाला ही वाट खुली असू शकते. आजी-आजोबांचा जन्म कुठला, याला इथे काहीच किंमत नाही. तरी ‘आमचे आजोबा रंगूनचे’ या आधारावर एजंट अर्ज भरून देतात आणि त्या अर्जाला आधारच नसतो.

दहावीवर भागत नाही

मुख्य अर्जदाराकडे बारा वर्षांचं औपचारिक शालेय शिक्षण हवं, म्हणजे आपल्याकडे बारावी उत्तीर्ण. ते नसेल तर मागच्या पाच वर्षांतला किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो, आणि तोही अशा कामातला, जे शिकायलाच किमान दोन वर्षं लागतात असं अमेरिकी श्रम खात्याच्या ओ-नेट या यादीत धरलं आहे. दहा वर्षं दुकान सांभाळलं, टॅक्सी चालवली, एवढ्यानं ही अट पूर्ण होत नाही. अर्जाच्या फॉर्ममध्ये शिक्षणाचा पुरावा मागत नाहीत, त्यामुळे नंबर सहज लागतो आणि पैसे भरून, वैद्यकीय तपासणी करून मुलाखतीला गेल्यावर अर्ज फेटाळला जातो. अट फक्त मुख्य अर्जदाराला आहे. नवरा-बायको दोघांपैकी बारावी झालेली व्यक्ती बायको असेल, तर मुख्य अर्ज तिच्या नावानं करा.

‘तो येणार नाहीये’ म्हणून नाव गाळू नका

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. अर्जाच्या दिवशी लग्न झालेलं असेल तर जोडीदाराचं नाव टाकायलाच हवं, ती व्यक्ती अमेरिकेला येणार असो वा नसो. एकवीस वर्षांखालची सगळी अविवाहित मुलंही टाकायची. त्यांत दत्तक मूल आलं, जोडीदाराचं आधीच्या लग्नाचं मूल आलं, आणि घटस्फोटानंतर दुसऱ्या पालकाकडे राहणारं, वर्षानुवर्षं भेटही न झालेलं मूलसुद्धा आलं. एक नाव राहिलं तर संपूर्ण कुटुंबाचा अर्ज बाद होतो. जोडीदार किंवा मूल अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तर मात्र नाव न टाकल्याबद्दल शिक्षा नाही.

घटस्फोटाचा खटला चालू आहे, तीन वर्षं वेगळे राहतो, बोलणं बंद आहे, अशा अवस्थेतल्या माणसाला बायकोचं नाव टाकायला जड जातं, हे समजण्यासारखं आहे. पण कायद्याच्या नजरेत तो विवाहितच. न्यायालयाचा विभक्ततेचा आदेश किंवा घटस्फोटाचा हुकूमनामा अर्जाच्या दिवशी हातात असेल तरच नाव वगळता येतं. नाव टाकल्यानं तिला न्यावं लागतं असं नाही.

अर्ज भरल्यानंतर लग्न झालं किंवा मूल झालं, तर ती नावं पुढे डीएस-२६० फॉर्ममध्ये, म्हणजे निवड झाल्यावर भरायच्या व्हिसाच्या अर्जात, घालता येतात. नंबर लागल्यावर घाईनं झालेल्या लग्नाकडे अधिकारी बारकाईनं बघतात, त्यामुळे ते खरं असल्याचे पुरावे जपून ठेवा. अर्जाच्या आधी झालेलं आणि लपवलेलं लग्न मात्र पुढे कुठल्याच खुलाशानं सावरत नाही.

मुलगा-मुलगी एकविसाच्या जवळ असतील तर घाबरून आशा सोडू नका. मुलांच्या संरक्षणासाठीच्या कायद्यानुसार अर्जाची मुदत सुरू झाली त्या दिवसापासून निवडीच्या पत्राच्या तारखेपर्यंतचे दिवस त्यांच्या वयातून वजा होतात.

आपली नावं आणि अमेरिकी रकाने

मराठी नावांचा प्रश्न वेगळाच आहे. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं. काही घरांत लग्नात पहिलं नावही बदलतात. मग पासपोर्टवर माहेरचं नाव, विवाह नोंदणीच्या दाखल्यावर सासरचं, आणि बँकेत तिसरंच. आखाती जन्मदाखल्यात वडील, आजोबा, आडनाव अशी साखळी असते आणि अरबीतून इंग्रजीत येताना स्पेलिंग बदलतं.

अशा वेळी फॉर्ममध्ये नाव पासपोर्टवर जसं छापलंय तसंच, त्याच क्रमानं भरा. बाकीची सगळी नावं डीएस-२६० मध्ये ‘वापरलेली इतर नावं’ या रकान्यात लिहा आणि जोडणारा कागद ठेवा : विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद. लग्नपत्रिका आणि फोटो हे पूरक पुरावे आहेत, नोंदणीच्या दाखल्याची जागा ते घेत नाहीत.

तारखा लिहिताना थांबा. तिथे आधी महिना, मग दिवस. ५ जुलैची ७ मे होते ती इथेच. जोडीदार नेपाळचा असेल तर विक्रम संवतातली तारीख इस्वी सनात आणताना पासपोर्टवरचीच तारीख वापरा. एखाद्या अक्षराची चूक मुलाखतीत समजावून सांगता येते, पण चुकीचा देश आणि गाळलेलं माणूस यांना क्षमा नाही.

फोटो, दुहेरी अर्ज आणि एजंटाच्या वहीतला नंबर

फोटो सहा महिन्यांच्या आतला, चौकोनी, किमान ६०० बाय ६०० पिक्सेल, फाइल २४० केबीपर्यंत, चष्मा नाही, मागे साधी फिकट भिंत. मागच्या वर्षी पाठवलेला फोटो पुन्हा पाठवू नका. तो ओळखला जातो आणि अर्ज बाद होतो. एका माणसानं एका वर्षी एकच अर्ज करायचा. नवरा-बायको दोघंही पात्र असतील तर प्रत्येकानं आपापला अर्ज करून त्यात दुसऱ्याचं नाव टाकणं मात्र पूर्ण वैध आहे आणि ते जरूर करावं.

फॉर्म दुसऱ्याकडून भरून घेतलात तरी ई-मेल पत्ता स्वतःचा द्या आणि पुष्टीकरण क्रमांकाचं पान तिथल्या तिथे स्वतःच्या फोनमध्ये घ्या. निकाल साधारणपणे पुढच्या मे महिन्यात लागतो आणि तो फक्त संकेतस्थळावर, हाच क्रमांक घालून दिसतो. ‘तुमची निवड झाली’ असं ई-मेलनं अमेरिकी सरकार कळवत नाही. असा ई-मेल आला की तो खोटाच समजा. क्रमांक एजंटाकडे अडकला की तो निवड झाल्यावर मोठी रक्कम मागतो, किंवा कुटुंबात अनोळखी ‘जोडीदार’ घुसवायला सांगतो. तसं केलं तर तो गुन्हा तुमच्या नावावर लागतो आणि अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं.

नंबर लागल्यावर

निवड म्हणजे व्हिसा नव्हे. डीव्ही-२०२५ साठी, म्हणजे २०२५ या अमेरिकी आर्थिक वर्षातल्या व्हिशांसाठी, जगभरातून सुमारे २ कोटी पात्र अर्ज आले. त्यांतून कुटुंबीय धरून सुमारे १ लाख ३१ हजार जण निवडले गेले, आणि व्हिसे वर्षाला जास्तीत जास्त ५५,०००. निवड झाल्यावर मिळालेला तुमचा केस नंबर परराष्ट्र खात्याच्या दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिन या पत्रकात तुमच्या देशाच्या भौगोलिक विभागासाठी दिलेल्या आकड्याच्या आत आला की मुलाखतीची पाळी येते. म्हणून डीएस-२६० भरायला उशीर करू नका आणि ते भरताना मूळ अर्जाची प्रत समोर ठेवा.

कागद गोळा करायला मात्र बुलेटिनची वाट बघू नका. आखातात जन्मलेल्या पुष्कळांकडे फक्त भारतीय दूतावासातली जन्मनोंद असते. तिथल्या सरकारनं दिलेला मूळ दाखला आणि त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं, आणि देश सोडल्यावर तो पुन्हा काढायला वेळ जातो. महाराष्ट्रात जन्मलेल्या जोडीदाराच्या दाखल्यात कित्येकदा बाळाचं नावच नसतं. महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन ते आधी नोंदवून घ्या. नोंदच सापडली नाही तर ‘नोंद उपलब्ध नाही’ असा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि आईवडिलांचं किंवा जवळच्या नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र जोडा.

पोलिसांचा दाखला सोळा वर्षांवरील प्रत्येकाला लागतो. सध्या राहता त्या देशाचा आणि नागरिकत्वाच्या देशाचा, तिथे सहा महिन्यांहून जास्त राहिला असाल तर. इतर देशांचा, सोळाव्या वर्षानंतर तिथे वर्षभर किंवा जास्त राहिला असाल तर. म्हणजे दहाव्या वर्षी कुवेत सोडलेल्याला कुवेतच्या पोलिसांमागे धावायची गरज नाही. पंचविसाव्या वर्षी सोडलेल्याला आहे, आणि त्यानं बोटांचे ठसे देण्याची तयारी आजच करावी.

वकिलातीतून व्हिसा घेणाऱ्यांनी ३३० डॉलरचं शुल्क मुलाखतीच्या दिवशी, तिथेच भरायचं असतं. नकार आला तर ते परत मिळत नाही. त्याआधी कुणी ते ऑनलाइन मागत असेल तर ती फसवणूक आहे. आणि सगळ्याला शेवटची तारीख ३० सप्टेंबर, म्हणजे ते अमेरिकी आर्थिक वर्ष संपतं तो दिवस. १ ऑक्टोबरला तुमचा एक कागद यायचा राहिला असला, तरी ती निवड पुढच्या वर्षात जात नाही.

पासपोर्टवर व्हिसा चिकटेपर्यंत घर विकू नका, मुलांना शाळेतून काढू नका. आखातात नोकरी करणाऱ्यांनी तर राजीनाम्याची अजिबात घाई करू नये. रेसिडन्सी रद्द झाली की तो देश सोडावा लागतो, आणि मुलाखत तिथल्या वकिलातीत ठरली असेल तर केस दुसऱ्या वकिलातीत हलवण्यात उरलेले महिने निघून जातात.