क्लबात माणसं येतात, पण टिकत नाहीत? या चुका टाळा

जुलै उजाडला की तालुक्याच्या गावांतल्या रोटरी आणि लायन्स क्लबांत पदग्रहण सोहळे सुरू होतात. त्याच मंचावर चार-पाच नव्या सदस्यांना पिन लावली जाते, टाळ्या होतात, फोटो निघतात. दिवाळीनंतरच्या सभेला त्यांतले कितीजण येतात हे सहसा कुणी मोजत नाही. पुढच्या जूनमध्ये यादी काढली की गळती दिसते आणि पुन्हा ‘नवीन मेंबर आणा’ अशी धावपळ होते. माझं मत स्पष्ट आहे. बहुतेक गावांत सेवाभावी माणसं भरपूर आहेत, ती क्लबात येतातही; आल्यावर त्यांच्या हाताला काम लागत नाही, म्हणून ती निघून जातात.

‘तू फक्त नाव दे’

भरतीतलं सगळ्यात घातक वाक्य हेच. रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि आंतरराष्ट्रीय वर्गणी १ जुलै व १ जानेवारीच्या सदस्यसंख्येवर आकारली जाते. त्यामुळे जूनअखेर जुनी नावं छाटायची आणि नव्या अध्यक्षांचा आकडा चांगला दिसावा म्हणून घाईने नवी भरायची, असा रिवाज पडलाय. अशा वेळी हाक जाते ती नाही म्हणू न शकणाऱ्या मित्राला, नाहीतर मेव्हण्याला. तो पैसे भरतो आणि घरी बसतो.

त्याऐवजी इच्छुकाला आधी दोन सभांना पाहुणा म्हणून बोलवा आणि निदान एका उपक्रमात बरोबर घ्या. शिबिराच्या दिवशी सकाळी सातला सतरंज्या अंथरायला आलेला माणूस पुढेही येतो. फॉर्म त्यानंतर.

पैशांचंही आधीच बोला. वार्षिक वर्गणी सांगितली जाते. पण डिस्ट्रिक्ट कॉन्फरन्सची (परिसरातल्या क्लबांच्या परिषदेची) नोंदणी, फाउंडेशनची (संघटनेच्या सेवानिधीची) देणगी, प्रत्येक उपक्रमाला फिरणारी वेगळी वर्गणी, हे एकेक करून पुढे येतं. पगारदार माणसाला ते जड जातं आणि तसं सांगायला त्याला संकोच वाटतो. काय सक्तीचं आणि काय ऐच्छिक, हे एका कागदावर लिहून पहिल्याच दिवशी हातात द्या.

सगळे एकाच वर्तुळातले

२३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस यांनी रोटरीची पहिली बैठक घेतली तेव्हा चौघे होते: स्वतः हॅरिस वकील, बाकीच्यांत एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपीकाम व्यावसायिक. वेगवेगळ्या धंद्यांतली माणसं एकत्र आणायची, हा या क्लबांचा पायाच आहे. आपल्याकडे मात्र अनेक क्लबांत डॉक्टर, बिल्डर आणि बाजारपेठेतले व्यापारी एवढ्यावर यादी संपते.

एक संध्याकाळ बसून गावातल्या व्यवसायांची यादी करा. पशुवैद्यक, महावितरणचा अभियंता, कृषी सेवा केंद्र चालवणारा, प्राथमिक शिक्षिका, बँकेचा शाखाधिकारी, शेतकरी कंपनी उभी करणारी तरुण मुलगी. क्लबात यांतलं कोण नाही? भरती तिथून सुरू करा. पाणलोटाचं काम काढायचं ठरलं की पाण्याचं गणित कळणारा माणूस क्लबातच असला पाहिजे.

आला, आणि खुर्चीत बसून राहिला

गळतीचं खरं मूळ इथे आहे. नवा सदस्य सभेला येतो, शेवटच्या रांगेत बसतो. सगळी कामं नेहमीचे पाचजण करतात, कारण ‘त्याला काय सांगायचं, आपणच उरकू’. तीन महिन्यांत त्याला कळतं की आपल्यावाचून कुणाचं काही अडत नाही.

भारतातली पोलिओ मोहीम आठवा. रोटरीने १९८५ साली पोलिओप्लस हा पोलिओ निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू केला. आपल्याकडचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. सरकारी यंत्रणा आणि असंख्य आरोग्यसेविका तर त्यामागे होत्याच. पण साध्या क्लब-सदस्यालाही तिथे नेमकं काम होतं: अमुक रविवारी अमुक बूथवर उभं राहायचं, वस्तीतल्या आयांना बोलावून आणायचं. ज्यांनी ते केलं त्यांना क्लब कशासाठी, हे समजावून सांगावं लागलं नाही.

म्हणून पहिल्या महिन्यातच नव्या माणसाला एक छोटं, पूर्ण आणि तारीख असलेलं काम द्या. ‘रक्तदान शिबिरात मदत कर’ असं मोघम सांगू नका. ‘रक्तपेढीशी तू बोल, वेळ ठरव, त्या दिवशी त्यांची गाडी तू सांभाळ’ असं सांगा. १९२५ साली अंध-बधिर लेखिका हेलन केलर यांनी आवाहन केल्यापासून नेत्रसेवा ही लायन्सची ओळख आहे, तरी आपल्या कितीतरी नेत्रशिबिरांत शस्त्रक्रियेनंतर रुग्णाकडे कुणी फिरकत नाही. थेंब वेळेवर घातले जातात का, फेरतपासणीला रुग्ण गेले का, हे विचारायला दहा घरी जाणं हे नव्या सदस्यासाठी उत्तम काम. एखाद्या आजीने चहा केल्याशिवाय सोडलं नाही की तो माणूस क्लब सहजी सोडत नाही.

आणि काम दिलं की निर्णयही द्या. ‘हे आम्ही २०१२ लाच केलं होतं’ म्हणून माजी अध्यक्ष नवी कल्पना पहिल्याच मिनिटाला मारतात, ते थांबवायची जबाबदारी चालू अध्यक्षांची.

सभा की सत्कार समारंभ?

नव्वद मिनिटांच्या सभेत शाल-श्रीफळ, परिचय आणि आभार यांतच तासभर जातो. आठची सभा नऊला सुरू होते. रोटरीने २०१६ मध्ये नियम शिथिल केले. महिन्यातून दोन सभाही चालतात आणि त्यांचं स्वरूप क्लब ठरवू शकतो. ही मोकळीक वापरा. एक सभा कामाच्या जागीच घ्या. दुकानदार जास्त असतील तर बाजाराच्या सुट्टीचा वार धरा.

बायका आणि मुलं शोभेपुरती

लायन्सने १९८७ साली आणि रोटरीने १९८९ साली महिलांना सदस्यत्व खुलं केलं. तरीही रांगोळी, औक्षण आणि सूत्रसंचालन यापलीकडे त्यांच्याकडे काही येत नसेल, तर त्या का थांबतील? खजिनदारपद द्या, प्रकल्पप्रमुख करा, आणि सभा रात्री साडेदहापर्यंत ताणू नका.

रोटरॅक्टच्या, म्हणजे रोटरीच्या तरुणांच्या क्लबातल्या, पोरांचंही तसंच. खुर्च्या लावायला ती हवी असतात, बैठकीत नको असतात. २०२० पासून रोटरॅक्टची वरची वयोमर्यादा गेली आहे, आणि एकाच वेळी रोटरीचंही सदस्य होता येतं. हे त्यांना कुणी सांगत नाही.

गैरहजेरीकडे डोळेझाक

माणूस आधी दोन सभा चुकवतो, मग ग्रुपवर गप्प होतो, मग वर्गणी थकते. राजीनामा सगळ्यात शेवटी येतो. दुसऱ्या गैरहजेरीलाच त्याला आणणाऱ्या सदस्याने फोन करावा. ग्रुपवर ‘सर्वांनी उपस्थित राहावे’ टाकून हे भागत नाही. घरात आजारपण असेल तर भेटायला जा, तेव्हा सभेचा विषय काढू नका.

तरी राजीनामा आलाच, तर दोघांनी घरी जाऊन कारण ऐकून घ्यावं. मनधरणी करू नये, वाद घालू नये, फक्त लिहून घ्यावं आणि संचालक मंडळासमोर ठेवावं. बदलीमुळे कुणी पुण्याला किंवा नाशिकला चालला असेल, तर जाण्याआधीच तिथल्या क्लबच्या सचिवाशी त्याची गाठ घालून द्या.