फोल्डरला जागा कुठे द्यावी आणि नाव कसे ठेवावे

इंदुरातील आमच्या मंडळाचे फोटो, हिशेब आणि इतिवृत्ते संगणकावर लावून ठेवण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे. ‘नाव काहीही द्या, सर्च केले की सापडतेच’ हा सल्ला देणाऱ्यांनी असे काम एकदाही केलेले नसते.

प्रथम जागा ठरवावी. डेस्कटॉपवर काहीही साठवू नये, कारण विंडोजमध्ये तो सहसा सी ड्राइव्हवर असतो आणि विंडोज नव्याने टाकताना तो ड्राइव्ह फॉरमॅट केला की सारेच जाते. डी ड्राइव्हवर ‘मंडळ’ असा एकच मुख्य फोल्डर करावा. विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली असल्यास तो होम डिरेक्टरीत, म्हणजे वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरात करावा. सी आणि डी हे पुष्कळदा एकाच डिस्कचे दोन भाग असतात, त्यामुळे डीवरची प्रत म्हणजे बॅकअप नव्हे.

तारीख वर्षापासून लिहावी: ‘२०२४-०९-१७ झांकी’. अंक मराठी की इंग्रजी, हे एकदाच ठरवावे. ‘निःशुल्क शिबिर’ हे नाव विंडोज घेत नसेल, तर विसर्गाच्या जागी कोलन टाइप झालेला असतो. कोलन तिथे निषिद्ध आहे, विसर्ग नाही.

माझी खरी फजिती केली ती ‘ऱ’ने. एका गणेशोत्सवानंतर ‘दुसऱ्या दिवसाचे फोटो’ या नावाचे दोन फोल्डर शेजारी-शेजारी दिसले. एकाच जागी एकाच नावाचे दोन फोल्डर राहूच शकत नाहीत, हे ठाऊक असूनही मी त्यांतला एक ‘जास्तीचा’ समजून काढून टाकला आणि त्याबरोबर निम्मे फोटो गेले. पुढे उलगडा झाला तो असा: एक नाव मंडळाच्या संगणकावर, ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून लिहिले होते, दुसरे एका सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर, साधा ‘र’, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखी दिसतात, परंतु संगणक आकार न पाहता आतले संकेतांक ताडून पाहतो. म्हणून ‘दुसऱ्या’, ‘तिसऱ्या’, ‘पदाधिकाऱ्यांचे’ असे शब्द फोल्डरच्या नावात मुळीच घालू नयेत. ‘दिवस ०२’ लिहावे. आणि जुळी नावे दिसलीच, तर दोन्ही फोल्डर उघडून आतल्या फाइली पाहिल्याशिवाय डिलीटचे बटण दाबू नये.

यावर ‘मग देवनागरी वापरूच नका’ असे सांगणारेही भेटतात. ते मला मान्य नाही. नावे मराठीतच असावीत, फक्त आखूड असावीत. ‘गणेशोत्सव’ डोळ्यांना पाच अक्षरांचा दिसतो, पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-संकेतांकांच्या पद्धतीत, ती नऊ चिन्हे होतात आणि लिनक्सवर प्रत्येकी तीन या हिशेबाने २७ बाइट (साठवणुकीचे छोटे एकक) खातात. तिथे एका नावाला मर्यादा सहसा २५५ बाइटांची, म्हणजे देवनागरीची जेमतेम ८५ चिन्हे. विंडोज नावाला २५५ चिन्हे देते, परंतु त्यावरचे कित्येक प्रोग्राम ड्राइव्हपासून फाइलपर्यंतचा पूर्ण पत्ता २६० चिन्हांच्या पुढे गेला की अडतात. तेव्हा मुख्य फोल्डरच्या आत वर्ष आणि त्याच्या आत कार्यक्रम, यापेक्षा खोल जाऊ नये. प्रमुख पाहुण्यांचे पदव्यांसह संपूर्ण नाव आत एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहावे.