शेजाऱ्यांशी वाद मिटवायला बसताय? आधी या चुका टाळा

वरच्या मजल्याचा आवाज, छतातून गळणारं पाणी, पार्किंग, जिन्यातल्या चपला, कुत्र्याचं भुंकणं... एकाच बिल्डिंगमध्ये राहायचं म्हटलं की यातलं काहीतरी कधीतरी होणारच. मग कोणीतरी म्हणतं मध्यस्थ घेऊन बसूया, सगळे बसतात, अर्ध्या तासात आवाज चढतो आणि बैठक फिसकटते, आणि मग लोक म्हणतात बघा, बोलून काही होत नाही. मला ते पटत नाही. अशी बैठक बहुतेक वेळा आदल्या आठवड्यातच फिसकटलेली असते, म्हणजे कोणाला बोलावलं, काय तपासलं, काय तपासलंच नाही आणि ग्रुपवर आधीच काय बोंब मारून ठेवली, यातच सगळा खेळ होऊन गेलेला असतो.

मध्यस्थाला जज समजणं

सगळ्यात कॉमन चूक ही. लोक फोटो, व्हिडिओ, जुने मेसेज असली मोठी फाइल घेऊन येतात आणि पूर्ण वेळ मध्यस्थाकडे तोंड करून बोलतात, शेजाऱ्याकडे बघतसुद्धा नाहीत, आणि शेवटी विचारतात, "आता तुम्हीच सांगा कोण चूक?" मध्यस्थ ते सांगत नाही, सांगायला तो बसलेलाच नसतो. निर्णय द्यायचं काम कोर्टाचं किंवा लवादाचं. मध्यस्थाचं काम एवढंच की दोघांचं बोलणं नीट होऊ द्यायचं, एकाचं म्हणणं दुसऱ्याच्या कानापर्यंत खरंच पोचतंय का बघायचं आणि काही ठरलं तर ते लिहून घ्यायचं. फाइल आणू नका असं मी म्हणत नाही, पण ती जिंकायला आणलीत तर समोरचाही पुढच्या वेळी त्याची फाइल आणेल.

मध्यस्थ निवडतानाही लोक गडबड करतात. कमिटीचा चेअरमन जवळ असतो म्हणून त्यालाच बसवतात, पण त्यानेच महिन्याभरापूर्वी एकाला नोटीस पाठवलेली असेल तर दुसरा कितीही म्हणाला की हे न्यूट्रल आहेत, पहिला ऐकणार नाही आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. दोघांना चालेल असा माणूस हवा, दुसऱ्या विंगचा किंवा पूर्ण बाहेरचा. तो वकीलच पाहिजे असंही नाही. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये कम्युनिटी बोर्ड्स नावाची संस्था 1976 पासून साध्या रहिवाशांनाच ट्रेनिंग देऊन हे काम करून घेते आणि सिंगापूरमध्ये सरकारने 1998 मध्ये यासाठी कम्युनिटी मीडिएशन सेंटर सुरू केलं. तुमच्या भागात असं काही असेल तर आधी तिथे विचारा.

पाणी कुठून येतंय हे माहीत नसताना पैसे कोणी द्यायचे यावर भांडणं

इथे जरा थांबतो कारण लीकेजच्या वादात लोक सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवतात. खालचे म्हणतात तुमचं बाथरूम गळतंय, वरचे म्हणतात आमचं कोरडं ठणठणीत आहे, आणि दोघंही खरं बोलत असू शकतात. पाणी स्लॅबमधून वाट काढत काढत भलतीकडेच बाहेर येतं, त्यामुळे डाग जिथे दिसतो त्याच्या बरोब्बर वरच गळती असेल असं काही नाही. आणि ही गोष्ट बोलून मिटत नाही, तपासावी लागते.

आधी नुसतं लक्ष ठेवा. थेंब रात्रंदिवस सारखेच पडत असतील, वर कोणी पाणी वापरत नसतानाही, तर संशय पाण्याच्या लाइनवर, कारण तिच्यात कायम प्रेशर असतं. वरच्यांचा व्हॉल्व्ह दिवसभर बंद ठेवून फरक पडतो का बघा. अंघोळीनंतरच ओल वाढत असेल तर ड्रेनेज, नाहीतर फरशीखालचं वॉटरप्रूफिंग. फक्त पावसातच येत असेल तर बाहेरची भिंत किंवा गच्ची, आणि मग तो वरच्या-खालच्यांचा वादच नाही, तो बहुतेक ठिकाणी पूर्ण बिल्डिंगचा खर्च असतो. बाथरूमचं आउटलेट बंद करून फरशीवर इंचभर पाणी 24 तास साठवून ठेवायची टेस्ट प्लंबर करतात, तसंच ड्रेनेजमध्ये रंगाचं पाणी सोडून ते खाली कुठे दिसतं ते बघतात. ही टेस्ट दोघांनी मिळून निवडलेल्या माणसाने करायची, दोघांच्या समोर करायची, आणि त्याची फी कोण देणार ते टेस्टच्या आधी ठरवायचं. नंतर ठरवायला गेलात की ज्याच्या विरुद्ध रिझल्ट आला तो म्हणणारच की प्लंबर तुमचा होता.

आणि हो, वरच्यांनी तात्पुरती दुरुस्ती करून दिली म्हणजे त्यांनी सगळी चूक कबूल केली असा अर्थ काढू नका. उलट तसं लिहूनच द्या, की ही दुरुस्ती म्हणजे जबाबदारीची कबुली नाही. ती एक ओळ लिहिली की बरेच लोक दुरुस्तीला पटकन तयार होतात, कारण त्यांना भीती पाण्याची नसतेच, पुढच्या बिलाची असते.

आवाजाचंही असंच आहे. खुर्ची ओढली, टाच आपटली की तो आवाज हवेतून नाही तर स्लॅब, कॉलम, बीममधून जातो, त्यामुळे कधी कधी तो वरच्या घरातून नसतोच, तिरकस बाजूच्या नाहीतर दोन मजले वरच्या घरातून असतो. आणि ज्याच्या घरी खुर्ची ओढली जाते त्याला ती जेमतेम ऐकू येते! म्हणून वरच्याला "तुम्ही खोटं बोलताय" म्हणण्यापेक्षा एकदा खाली बोलवा, पाच मिनिटं उभं करा आणि वर त्यांच्याच घरातल्या कोणाला तरी नेहमीसारखं चालायला, खुर्ची सरकवायला सांगा. शंभर मेसेजनी जे होत नाही ते यात होतं. नंतर खुर्च्यांना रबरी बूट, खाली जाड सतरंजी हे उपाय त्यांनाच सुचतात.

फोनमधल्या ॲपचे डेसिबल दाखवून जिंकायला जाऊ नका. फोनचा माइक मोजमापासाठी नसतो, दोन फोन दोन आकडे दाखवतात. कोणीतरी इंटरनेटवरून 40 डेसिबलचा आकडा आणतं, तो जागतिक आरोग्य संघटनेच्या 2009 च्या युरोपसाठीच्या गाइडलाइनमधला, पण तो घराबाहेरचा आणि वर्षभराच्या रात्रींच्या सरासरीचा आहे, शेजाऱ्याच्या मिक्सरला तो लावता येत नाही. त्यापेक्षा दोन आठवडे साधी वही ठेवा, तारीख, वेळ, कसला आवाज, किती वेळ. त्यातून पॅटर्न दिसतो, उदाहरणार्थ त्रास फक्त रात्री साडेअकराला वॉशिंग मशीन लागते तेव्हाच होतोय, आणि एवढंच असेल तर विषय वेळेचा आहे, माणसाचा नाही. कुत्र्याच्या बाबतीत तर वही हवीच, कारण तो बहुतेक वेळा मालक घरी नसतानाच भुंकतो आणि मालकाला ते खरंच माहीत नसतं.

ज्याच्या हातात काहीच नाही त्याला बोलावणं

बैठकीला भाडेकरू येतो, गोड बोलतो, सगळं मान्य करतो आणि शेवटी म्हणतो "मालकांना विचारून सांगतो." संपलं. फरशी फोडायची परवानगी त्याच्याकडे नाही. त्यामुळे आधीच विचारा की जे ठरवायचंय ते ठरवायचा अधिकार कोणाकडे आहे, आणि तो माणूस निदान फोनवर तरी पाहिजे. उलटंही होतं, मालक येतो पण रात्री गाणी लावणारा भाडेकरू येतच नाही, मग मालकाच्या शब्दाला अर्थ काय. तसंच सोबतीला पाच नातेवाईक आणू नका, एक माणूस ठीक आहे.

ग्रुपवर आधीच पंचनामा

"काही लोकांना मॅनर्स नाहीत" असा नाव न घेता टाकलेला मेसेज, ज्याच्यावर टाकलाय त्याला आणि बाकी सगळ्या बिल्डिंगला बरोबर कळतो. त्यानंतर तो माणूस बैठकीत माघार घेऊच शकत नाही, कारण आता माघार घेतली तर चाळीस घरांसमोर हरल्यासारखं होतं. बैठक ठरली की ग्रुपवर त्या विषयाला पूर्ण बंदी, असं दोघांनी आधीच ठरवा. बैठकीतलं रेकॉर्डिंग नको, बैठकीतलं बोलणं बाहेर नको. तिथे कोणी "हो, त्या दिवशी माझा तोल गेला" म्हणालं आणि दुसऱ्या दिवशी ते लिफ्टमध्ये ऐकू आलं तर परत कोणी खरं बोलणार नाही.

मध्यस्थ मधेच एकेकाला वेगळं घेऊन बोलतो त्यालाही लोक बिचकतात, आत काय शिजतंय म्हणून. हे नॉर्मल आहे. फक्त सुरुवातीलाच सांगायला हवं की वेगळं बोलणं होऊ शकतं आणि तिथे सांगितलेली गोष्ट परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगितली जाणार नाही.

मागणीला चिकटून बसणं

"त्यांनी इथे गाडी लावायची नाही" ही मागणी झाली. का लावायची नाही? तर सकाळी सातला मला ड्युटीवर निघायचं असतं आणि गाडी बाहेर काढता येत नाही. मग समोरचा म्हणतो मी तर आठला उठतो, चावी वॉचमनकडे ठेवतो, किंवा ज्या दिवशी तुमची सकाळची शिफ्ट त्या दिवशी बाहेर लावतो. मागणीवर भांडत बसले असते तर जागा कोणाची यावर वर्ष गेलं असतं. म्हणून बसायच्या आधी स्वतःलाच विचारा की हे मिळालं तर माझं नक्की काय सुटणार आहे. आणि हेही विचारा की काहीच नाही ठरलं तर माझ्याकडे दुसरा रस्ता काय, कोर्ट असेल तर त्याला किती वेळ आणि किती खर्च. याचं उत्तर माहीत नसलेला माणूस एकतर उगाच ताणतो नाहीतर उगाच सोडतो.

"सहकार्य करू" असं लिहून सही करणं

असल्या समझोत्याला काही अर्थ नाही, कारण मोडला की नाही हेच ठरवता येत नाही. "रात्री 10 ते सकाळी 7 वॉशिंग मशीन लावायची नाही, खुर्च्यांना रबर येत्या रविवारपर्यंत" असं लिहा. कोण, काय, कधीपर्यंत, पैसे कोणाचे. आणि दोन्ही बाजूंनी काहीतरी द्या, एकानेच सगळं मान्य केलेला कागद जेमतेम महिनाभर टिकतो. त्रास झाला तर आधी काय करायचं तेही लिहा, म्हणजे थेट फोन करायचा की मेसेज, किती वाजेपर्यंत; भिंत ठोकायची नाही, ग्रुपवर टाकायचं नाही. महिन्याने परत भेटायची तारीख तिथेच ठरवा.

सही झाली म्हणजे कोर्टाची ऑर्डर मिळाली असंही नाही. याचे नियम देशागणिक वेगळे आहेत, भारताच्या 2023 च्या मध्यस्थता कायद्यात शेजारपाजारच्या वादांसाठी सामुदायिक मध्यस्थीचा वेगळा भाग आहे पण त्यातला समझोता कोर्टाच्या डिक्रीसारखा, म्हणजे निकालासारखा, अंमलात आणता येणार नाही असं तिथेच लिहिलंय. मोठ्या पैशांचा विषय असेल तर सहीच्या आधी वकिलाला दाखवा.

अडलं तर

समोरचा येतच नसेल तर निमंत्रण तुम्ही देऊ नका, मध्यस्थाला देऊ द्या, आणि त्यात तक्रार लिहू नका, फक्त विषय आणि वेळ. "तुमच्या लीकेजबद्दल" ऐवजी "दोन्ही घरांच्या मधल्या लीकेजबद्दल". तरीही नाही आला तर मध्यस्थ दोघांकडे वेगवेगळा जाऊन निरोप ने-आण करू शकतो, समोरासमोर बसायलाच पाहिजे असं काही नाही.

बैठकीत आवाज चढला तर लगेच बंद करायची घाई नको, पहिली दहा मिनिटं लोकांना साचलेलं ओकायचं असतं. पण शिवीगाळ, धमकी आली की ब्रेक. आणि एक पक्ष दुसऱ्याला घाबरत असेल, मारहाण, पाठलाग, धमक्या असं काही झालं असेल तर मध्यस्थी करूच नका, तो पोलिसांचा विषय आहे. गॅसचा वास, उघड्या वायर, पडायला आलेला सज्जा यातही आधी दुरुस्ती, चर्चा नंतर.

ठरलेलं मोडलं तर पहिल्याच वेळी "बघा, मी म्हणालो होतो ना" सुरू करू नका. विसरलेत का, जमत नाहीये का, की मुद्दाम करतायत, ते आधी विचारा. विसरले असतील तर आठवण पुरते, जमत नसेल तर वेळ किंवा अट बदला, मुद्दाम असेल तर मात्र परत बसण्यात वेळ घालवू नका, पुढचा रस्ता धरा. आणि भाडेकरू बदलला की कागदाची कॉपी नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात द्या, शक्यतो मालकाकडून, कारण त्याने त्यावर सही केलेली नाही आणि खुर्च्यांची रबरं जुना भाडेकरू सोबत घेऊन गेलाय हे त्याला माहीत असायचं काही कारण नाही.