ट्रान्स फॅट टाळताना या चुका करू नका

पाकीट उलटं केलं, ‘ट्रान्स फॅट ० ग्रॅम’ वाचलं आणि निर्धास्तपणे पिशवीत टाकलं. मीही कित्येक वर्षं हेच करत होते. वडिलांच्या हृदयाच्या धमनीत स्टेंट बसला, तेव्हा घरात येणाऱ्या प्रत्येक पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायला लागले. मग लक्षात आलं की इतके दिवस मी पाकिटाचा नको तो कोपरा वाचत होते. ट्रान्स फॅट म्हणजे मुख्यतः कारखान्यात तेल घट्ट करताना तयार होणारा, हृदयाला घातक मेद.

चूक १ : शून्य म्हणजे शून्यच, असं समजणं

लेबलवरचं शून्य बऱ्याचदा खाली ओढलेला आकडा असतो. किती प्रमाणापर्यंत शून्य छापायचं, हे त्या त्या देशाचा नियम ठरवतो. अमेरिकेत एका सर्व्हिंगमध्ये, म्हणजे एका वेळी खायच्या ठरवलेल्या प्रमाणात, ०.५ ग्रॅमपेक्षा कमी ट्रान्स फॅट असेल तर ० लिहावं लागतं. आता हे सर्व्हिंग किती मोठं? पाकिटावर कधी तीन बिस्किटं असतं, कधी त्याहून कमी. समजा त्या तीन बिस्किटांत ०.४ ग्रॅम आहे. लेबलवर शून्य. बोलता बोलता पंधरा बिस्किटं संपली, तर पोटात २ ग्रॅम गेलं आणि कागदावर अजूनही शून्यच.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा बघा. दिवसभरातल्या एकूण ऊर्जेच्या १ टक्क्यापेक्षा कमी, म्हणजे २००० कॅलरीच्या आहारात २.२ ग्रॅमच्या आत. ही दिवसभराची मर्यादा त्या एका बैठकीत जवळपास भरली.

म्हणून पोषणतक्त्याच्या आधी घटकांची यादी वाचा. ‘अंशतः हायड्रोजनीकृत’ किंवा ‘पार्शली हायड्रोजनेटेड’ असे शब्द दिसले, तर वर काहीही छापलेलं असो, त्यात ट्रान्स फॅट आहे. ‘शॉर्टनिंग’, ‘मार्गारिन’ किंवा ‘वनस्पती तूप’ दिसलं की जरा थांबा. हे पदार्थ आता ट्रान्स फॅटशिवायही बनतात, पण नुसत्या नावावरून ते कळत नाही. यादीतला क्रमही बघा. सहसा वजनाने सगळ्यात जास्त असलेला घटक पहिला येतो. हा शब्द दुसऱ्या-तिसऱ्या जागेवर असेल तर मी ते पाकीट परत ठेवते.

चूक २ : ‘फॅट ते फॅट, थोडंसं चालतं’

मला सगळ्यात जास्त काळजी याच समजुतीची वाटते, म्हणून जरा खोलात जाते.

ऑलिक आम्ल हे खाद्यतेलांत सर्रास आढळणारं मेदाम्ल. त्यात १८ कार्बनची साखळी असते आणि मध्ये एक दुहेरी बंध. या बंधाजवळचे दोन्ही हायड्रोजन एकाच बाजूला असतात, त्यामुळे साखळीला तिथे बाक येतो. वाकड्या काड्यांची मोळी घट्ट बांधता येत नाही, तशा या साखळ्या एकमेकींना चिकटून बसत नाहीत. म्हणून हे आम्ल सुमारे १३ अंश सेल्सियसलाच वितळतं आणि घरात पातळ राहतं. यातला एक हायड्रोजन दुसऱ्या बाजूला गेला की साखळी जवळपास सरळ होते. हे झालं इलायडिक आम्ल, म्हणजेच ट्रान्स फॅटमधलं एक मेदाम्ल. कार्बन तेवढेच, हायड्रोजन तेवढेच, पण वितळणबिंदू जातो सुमारे ४५ अंशांवर. शरीराचं तापमान ३७.

कारखान्यांना नेमकं हेच हवं होतं. स्वस्त, पातळ तेल घट्ट करायचं, ते लवकर खवट होऊ द्यायचं नाही आणि त्यातून बिस्किटाला खुसखुशीतपणा आणायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म नॉर्मान यांनी निकेलच्या साहाय्याने तेलात हायड्रोजन मिसळण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि पुढे ती जगभर पसरली. ही क्रिया अर्ध्यावर थांबवली की ट्रान्स फॅट तयार होतं. अशा तेलात त्याचं प्रमाण २५ ते ४५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं.

शरीरात गेल्यावर ते दुहेरी नुकसान करतं. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढवतं आणि एचडीएल, म्हणजे चांगलं, कमी करतं. नेदरलँड्समधल्या मेन्सिंक आणि कटान या संशोधकांनी १९९० मध्ये हे दाखवून दिलं. त्यांच्या प्रयोगात प्रत्येक आहार फक्त तीन आठवड्यांचा होता, तरी रक्तातला फरक मोजता आला. संपृक्त मेद (सॅच्युरेटेड फॅट) एलडीएल वाढवतो, पण एचडीएल असं खाली ओढत नाही. त्यामुळे ट्रान्स फॅटची गोष्ट वेगळीच.

२००६ मध्ये अनेक दीर्घकालीन अभ्यास एकत्र तपासले गेले. एकूण ऊर्जेपैकी २ टक्के ऊर्जा ट्रान्स फॅटमधून येत असेल, तर हृदयाच्या धमन्यांच्या आजाराचं प्रमाण २३ टक्क्यांनी जास्त दिसलं. २००० कॅलरीच्या आहारात हे २ टक्के म्हणजे साडेचार ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. ‘थोडंसं’ म्हणताना हा चमचा डोळ्यांसमोर ठेवा. शिवाय कारखान्यात बनलेल्या ट्रान्स फॅटचा शरीराला काडीचाही उपयोग नाही, त्यामुळे ते पूर्ण सोडल्याने आहारात काहीच कमी पडत नाही.

चूक ३ : ‘कोलेस्टेरॉल-मुक्त’ वाचून खूश होणं

कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांत असतं. वनस्पतींच्या तेलात ते मुळात नगण्यच, त्यामुळे अशा पदार्थावर हे छापण्यात विशेष काही नाही. पदार्थात कोलेस्टेरॉल नसणं वेगळं आणि पदार्थाने रक्तातलं कोलेस्टेरॉल न वाढवणं वेगळं. पहिलं खरं असून दुसरं खोटं असू शकतं. ‘शंभर टक्के शाकाहारी मेद’ या शब्दांनाही हेच लागू.

चूक ४ : नुसतं ‘हायड्रोजनेटेड’ दिसलं की सगळं एकाच मापाने मोजणं

तेल पूर्णपणे हायड्रोजनीकृत केलं तर दुहेरी बंध जवळपास उरतच नाहीत, मग ट्रान्स फॅटही जवळपास उरत नाही. उरतो तो संपृक्त मेद. म्हणून ‘अंशतः’ हा शब्द महत्त्वाचा. मात्र अंशतः की पूर्णतः हे लिहिलेलंच नसेल, तर मी ते अंशतः धरते.

चूक ५ : दुधातल्या ट्रान्स फॅटची धास्ती घेणं

रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातले जिवाणूही थोडं ट्रान्स फॅट तयार करतात. ते दूध, लोणी आणि मांसात उतरतं, पण एकूण मेदाच्या काही टक्केच. बेताने खाणाऱ्याच्या पोटात त्यातून फारसं जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेत हेही धरलेलं आहे, तेवढं लक्षात असू द्या.

चूक ६ : तळणीचं तेल पुन्हा पुन्हा वापरणं

इथे दोन टोकाच्या समजुती आहेत. एक, घरी तळलं की लगेच ट्रान्स फॅट तयार होतं. तसं होत नाही, एकदा तळल्याने पडणारा फरक फार थोडा असतो. दुसरी, तेच तेल आठवडाभर गाळून वापरलं तरी काही बिघडत नाही. बिघडतं. जास्त तापमानाला वारंवार तापवलेल्या तेलात ट्रान्स फॅट हळूहळू वाढतं आणि त्याहूनही जास्त काळजीची, तेल जळून तयार होणारी इतर घातक द्रव्यं साठत जातात.

कढईकडे नीट बघा. तेल काळपट झालं, दाट होऊन संथ ओघळायला लागलं, पदार्थ टाकल्यावर वर न विरणारा फेस राहिला किंवा पूर्वीपेक्षा लवकर धूर यायला लागला, तर ते तेल संपलं असं समजा. त्यात नवं तेल ओतून ते सुधारत नाही, उलट नवं तेलही लवकर खराब होतं. हे टाळायचं असेल तर लहान कढई घ्या आणि लागेल तेवढंच तेल ओता, म्हणजे उरणारच कमी.

चूक ७ : ट्रान्स फॅट काढून त्या जागी काहीही घेणं

उत्पादकांनी ट्रान्स फॅट काढलं, तेव्हा बऱ्याच ठिकाणी पाम तेल आलं. हा बदल नक्कीच चांगला, पण त्यात संपृक्त मेद भरपूर असतो. खरा फायदा होतो तो त्या जागी सूर्यफूल, सोयाबीन, मोहरी, ऑलिव्ह यांसारखी असंपृक्त मेदाची तेलं, सुकामेवा आणि बिया आल्यावर. मेद कमी करून साखर वाढवलेली बिस्किटं हा उपाय नव्हे.

चूक ८ : ‘आता बंदी आली आहे’ म्हणून लक्ष काढून घेणं

अमेरिकेतले शास्त्रज्ञ फ्रेड कुमरो यांनी १९५७ मध्येच ट्रान्स फॅट माणसाच्या ऊतींमध्ये साठतं असं दाखवलं होतं. ते वर्षानुवर्षं लिहीत राहिले, २००९ मध्ये सरकारकडे अर्ज केला, २०१३ मध्ये खटला भरला. अंशतः हायड्रोजनीकृत तेल सुरक्षित मानता येत नाही, असा निर्णय तिथे २०१५ मध्ये झाला, तेव्हा ते शंभरीत होते. त्यांची ही चिकाटी आठवली की मला आजही भरून येतं. डेन्मार्कने मात्र २००३ मध्येच मर्यादा घातली होती, १०० ग्रॅम मेदात २ ग्रॅम. आज अनेक देशांत असे नियम आहेत, अनेक देशांत अजून नाहीत, आणि जिथे आहेत तिथेही सुट्या विकल्या जाणाऱ्या केक-पेस्ट्रीला, गाडीवरच्या तळणीला लेबल नसतं.

अशा वेळी जिभेची थोडी मदत होते. लोणी तोंडात विरघळतं. पण पेस्ट्रीवरचं क्रीम खाल्ल्यावर टाळूला मेणासारखा थर राहिला आणि कोमट पाण्याच्या चुळीनेही तो सुटला नाही, तर तो मेद शरीराच्या तापमानालाही वितळत नाही. तो ट्रान्स फॅटचाच आहे असं यावरून ठरत नाही, घट्ट संपृक्त मेदही असाच चिकटतो. पण मी तेवढ्यावरून विचारते, ‘यात नेमकं काय वापरता? डबा दाखवाल का?’ बहुतेक जण दाखवतात. डब्याच्या मागे घटकांची यादी असते.