‘दोन मैल तर आहे!’ : पानगळीतल्या भटकंतीत या चुका टाळा

बॉस्टनच्या आसपास बहुतेक गावांची स्वतःची राखून ठेवलेली रानं आहेत. मॅसॅच्युसेट्सने १९५७ साली कायदा करून गावांना संवर्धन समित्या नेमायची मुभा दिली, तेव्हापासून ही कॉन्झर्व्हेशन लँड वाढत गेली. तिथे सहसा ना दिवे असतात, ना शौचालय, ना कचऱ्याचा डबा. सहा-आठ गाड्यांपुरती जागा, नकाशाची पाटी आणि झाडांवर वाट दाखवणारे रंगाचे पट्टे, एवढाच थाट. ऑक्टोबरात पानं रंगली की आपली मंडळी तिथे लोटतात आणि दरवर्षी त्याच चुका करतात.

सगळ्यात मोठी चूक उशिरा निघण्याची. त्यातही नोव्हेंबरचा पहिला रविवार घातक, कारण त्या पहाटे घड्याळं तासभर मागे जातात. शनिवारी साडेपाचनंतर मावळलेला सूर्य रविवारी ४:३५ च्या सुमारासच जातो. इकडे जेवण, वामकुक्षी, चहा उरकून साडेतीनला गाडी लागते. दोन मैल म्हणजे चाळीस मिनिटं, हा हिशोब फुटपाथचा. मुलं, पाल्याखालची मुळं आणि प्रत्येक मेपलपुढचे फोटो धरले तर ताशी दीड मैल होतात, म्हणजे ८० मिनिटं. पाइनखाली अंधार त्याआधीच दाटतो. पाला पडल्यावर सगळं रानच पायवाटेसारखं दिसतं. मग कुणीतरी हुशार फोन काढतो: ‘पार्किंग सरळ तीनशे मीटरवर आहे, मधूनच जाऊ.’ त्या मधल्या तीनशे मीटरांत दलदल असते, काटेरी वेली असतात, आणि पानांनी झाकलेलं पाणी पाय घातल्याशिवाय कळत नाही. वाट तिथून वळसा घालून गेली ती उगाच नव्हे!

वाट हरवली तर शेवटच्या पट्ट्यापाशी परत या. एकाने तिथेच उभं राहायचं, दुसऱ्याने हाकेच्या अंतरात पुढचा पट्टा शोधायचा. एकावर एक दोन पट्टे दिसले तर वळण आहे. वरचा पट्टा ज्या बाजूला सरकलेला, तिकडे वळा. रंगांचा अर्थ गावागणिक बदलतो, म्हणून पाटीचा फोटो निघतानाच घ्या. फेरीला लागेल असं वाटतं त्याच्या दुप्पट वेळ सूर्यास्तातून वजा करा आणि त्याआधी चालायला लागा. हेडलॅम्प (डोक्याला बांधायचा दिवा) पिशवीत कायम असू द्या, जूनमध्येसुद्धा.

दुसरी चूक: ‘थंडी पडली, आता कसल्या गोचिड्या!’ उलट, लाइम हा आजार पसरवणारी मोठी गोचीड ऑक्टोबर-नोव्हेंबरात चांगलीच फिरते. तापमान गोठणबिंदूच्या वर असलं की तिला पुरतं. उन्हाळ्यातलं पिल्लू खसखशीएवढं, ही तिळाएवढी. पाल्याच्या ढिगात उड्या मारणाऱ्या पोरांना हीच चिकटते. बूट, मोजे आणि पँटच्या पायांवर ०.५ टक्के परमेथ्रिन हे कीटकनाशक आदल्या दिवशी, घराबाहेर मारून वाळवा. ते कातडीवर लावायचं नाही, आणि ओलं असेपर्यंत मांजराला जवळ फिरकू द्यायचं नाही. पँट मोज्यात खोचा, फोटोत कशीही दिसो. घरी आल्यावर कोरडे कपडे थेट ड्रायरमध्ये, हाय हीटवर १० मिनिटं. नुसतं धुतल्याने गोचीड मरेलच असं नाही. मग काखा, जांघा, बेंबी, गुडघ्यामागे, कानामागे, केसांत नीट बघा. चिकटलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. व्हॅसलिन, नेलपॉलिश, पेटती काडी हे उद्योग नकोत. जंतू अंगात शिरायला सहसा २४ तासांहून अधिक लागतात, म्हणून त्याच रात्री बघणं महत्त्वाचं. ती बराच वेळ चिकटलेली असावी असं वाटलं तर काढल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारा.

तीन-तीन पानांचे लालभडक गुच्छ मुलांना वेचू देऊ नका, ती पॉयझन आयव्ही असू शकते. पानं गळाल्यावरही तिच्या वेलीने खाज सुटते.

भारतातून आलेल्या आई-बाबांना सँडलवर नेऊ नका. उतारावर ओकची फळं पायाखाली गोट्यांसारखी घरंगळतात, आणि वाटेवर ओल्या पाल्याखाली लपलेली लाकडी फळी तर शेवाळलेल्या न्हाणीघरासारखी.

शिकारीच्या हंगामात भगवा, झगझगीत नारिंगी जॅकेट घाला, कुत्र्यालाही. पांढरी टोपी नको. हरणाच्या शेपटीखालचा भाग पांढराच असतो. थँक्सगिव्हिंगनंतरच्या (नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारनंतरच्या) सोमवारपासून दोन आठवडे हरणांची बंदुकीने शिकार चालते, तेव्हा शिकारीला परवानगी नसलेलं रान निवडा.

आणि पार्किंग भरलं असेल तर रस्त्याच्या कडेला गाडी खुपसू नका. पुढच्या गावात दुसरं रान आहे.