पानं कोण खातंय? परसबागेतल्या पानांवरच्या खुणा ओळखायच्या कशा

पावसाळा लागला की शेतीऔषधांच्या दुकानात एक संवाद हमखास ऐकू येतो. ‘पानांना भोकं पडलीत, काहीतरी द्या.’ दुकानदार मागच्या फळीवरून एक बाटली काढतो. झाड कोणतं, भोकं कशी, पानं नवी की जुनी, हे ना तो विचारत, ना हा सांगत. बऱ्याचदा ती फवारणी होते तेव्हा अळी कोषात जाऊन बसलेली असते. आणि कितीतरी वेळा दुखणं किडीचं नसतंच, पाण्याचं किंवा मातीचं असतं.

औषध शेवटी. आधी तपास. त्यासाठी एक भिंग (नसेल तर मोबाइलचा कॅमेरा), एक पांढरा कागद आणि रात्री टॉर्च घेऊन बाहेर पडायची तयारी एवढं पुरतं.

१. पानाला हात लावण्याआधी लांबून बघा

पहिला प्रश्न: एकाच जातीच्या झाडाला झालंय की सगळ्यांना? बऱ्याच किडी आणि रोग झाडाच्या बाबतीत चोखंदळ असतात. लिंबावरची अळी शेजारच्या जास्वंदीकडे ढुंकूनही बघत नाही. त्यामुळे जास्वंद, पेरू, मोगरा आणि भोपळ्याचा वेल एकाच वेळी, तेही एकाच बाजूने करपले असतील तर किडा शोधत बसू नका. ऊन, गारपीट, रंगाऱ्याने भिंत धुतलेलं पाणी, पलीकडच्या रानातली तणनाशकाची फवारणी, असलं काहीतरी कारण असतं.

दुसरा प्रश्न: नवी पानं की जुनी? तिसरा: हे एका रात्रीत झालं की हळूहळू वाढत गेलं? या तीन उत्तरांनीच निम्मा तपास होतो.

आणि हे दुखणं आहे तरी का, तेही बघा. आंब्याची कोवळी पालवी तांबूस आणि मलूल लोंबते, ती तशीच असते. देशी बदामाची पानं गळण्याआधी लालभडक होतात. लिंबाची खालची चार जुनी पानं पिवळी पडून गळली म्हणून झाड आजारी ठरत नाही.

२. पान खाल्लंय की शोषलंय?

पानाचा तुकडा गायब असेल तर चावणारा प्राणी. पान जागेवर आहे पण ठिपकेदार, आकसलेलं, चिकट किंवा फिकट झालंय, तर रस शोषणारी कीड. हा फरक कळला नाही तर औषधही चुकतं: अळीने खायचं जैविक औषध रस शोषणाऱ्या माव्याला काहीच करत नाही.

३. तुकडे गायब असतील तर

कढीपत्ता आणि लिंबू यांच्यापासून सुरुवात करू, कारण घरोघरी तक्रार त्यांचीच. कोवळी पानं कडेपासून खाल्लेली आणि पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काहीतरी काळंपांढरं पडलेलं दिसलं तर ते निरखून बघा. ती लिंबावरच्या फुलपाखराची लहान अळी असते. पक्ष्यांनी फसावं म्हणून तिचं रूप तसं. मोठी झाली की ती हिरवी होते, आणि डिवचलीत तर डोक्यामागून नारिंगी शिंगासारखा अवयव बाहेर काढून उग्र वास सोडते. चावत नाही. चिमट्याने उचला, झालं. मोठ्या कढीपत्त्यावर दोनचार असतील तर राहू द्या. फुलपाखरं हवीत आणि अळ्या नकोत असं जमत नाही.

तगर किंवा कण्हेर एका आठवड्यात खराट्यासारखी झाली तर खाली जमीन बघा. मिरीएवढ्या जाड काळसर लेंड्या पडलेल्या असतील तर बरोबर त्यांच्या वरच्या फांदीवर बोटाएवढी जाड हिरवी अळी असते, पुढच्या भागावर निळसर डोळ्यांसारखे दोन ठिपके असलेली. ही एका मोठ्या पतंगाची अळी. त्याची अळी पानाच्या रंगाशी इतकी मिसळते की लेंड्यांवाचून सापडत नाही. अळी शोधायची असेल तर आधी जमीन बघायची, ही सवय लावून घ्या.

गुलाब किंवा बोगनवेलीच्या पानांच्या कडेला अगदी गोलाकार, गुळगुळीत कापलेले अर्धचंद्र दिसतात. हे काम पानं कातरणाऱ्या मधमाशीचं. ती पान खात नाही, तुकडे नेऊन त्यात अंडी घालायची घरटी बांधते. त्यावर औषध मारणं शुद्ध वेडेपणा. ती परागीभवन करते आणि गुलाबाचं फार काही बिघडत नाही.

आंब्याखाली कोवळी हिरवी पानं देठाजवळ सरळ रेषेत कापून पडलेली दिसली तर पोरांवर ओरडू नका. पालवीच्या दिवसांत एक छोटा सोंडा (सोंडेसारखं तोंड असलेला भुंगेरा) पानाच्या मधल्या शिरेजवळ अंडी घालतो आणि मग पान कापून खाली पाडतो. अळ्या त्या पडलेल्या पानात वाढतात आणि मातीत कोष करतात. म्हणून उपाय फांदीवर नाही, जमिनीवर आहे: रोज पडलेले तुकडे गोळा करून जाळा किंवा खोल पुरा. कलम लहान असेल तर हे मनावर घ्याच, कारण पालवी गेली की वाढ खुंटते.

मृगाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्या पानांची चाळण होते आणि दिवसा काहीच सापडत नाही. हे हुमणीचे भुंगेरे. अंधार पडताच जमिनीतून निघतात, झाडावर बसून खातात, पहाटेपर्यंत पुन्हा मातीत. कोल्हापूर-सांगलीकडच्या ऊसवाल्यांना हे पाठ असतं. रात्री आठच्या सुमारास खाली कापड पसरून फांद्या हलवा आणि पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका. कडुनिंबाला याने काही होत नाही, पण त्यांची पिल्लं पुढे तुमच्या भाजीपाल्याची मुळं खातात.

पानांवर, कुंड्यांवर चंदेरी वाळलेला माग असेल तर गोगलगाय. शंखी गोगलगाय रात्री खाते आणि दिवसा विटांखाली, पाचोळ्यात दडते. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी पसरा, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी गोळा करून मिठाच्या पाण्याच्या बादलीत बुडवा. हातमोजे घाला, तिच्यातून माणसाला परजीवी जंतांचा संसर्ग होऊ शकतो. मीठ मात्र वाफ्यात भुरभुरू नका.

शेवग्याच्या खोडावर दिवसा केसाळ सुरवंटांचा गठ्ठा दिसला तर रात्री पानं खाणारे तेच. अंगाला लागले की खाज सुटते, म्हणून लांब काठीला कापड गुंडाळून ते साबणाच्या पाण्याच्या घमेल्यात पाडा.

नारळाची झावळी उलगडते तेव्हाच दोन्ही बाजूंना त्रिकोणी काप दिसतात. ही इजा गेंड्या भुंग्याने झावळी सुईत (न उलगडलेल्या कोंबात) असताना केलेली. आज दिसणारे काप काही आठवड्यांपूर्वीचे असतात, म्हणून बघायचं ते शेंड्याकडे: भोक आणि बाहेर आलेला भुसा दिसला तर तारेच्या आकड्याने भुंगा ओढून काढतात. त्याच्या अळ्या शेणखताच्या उकिरड्यात वाढतात. उकिरडा नारळाच्या बुंध्याशी ठेवणारी घरं कोकणात अजून भरपूर आहेत.

४. पान जागेवर आहे, पण बिघडलंय

पानावर पांढरट वळणावळणाच्या रेघा असतील तर नागअळी. ती पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मधोमध राहून खाते, त्यामुळे वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचायला कठीण. टोमॅटोची रेघाळलेली पानं खुडून टाका. लिंबाच्या मोठ्या झाडाला दुर्लक्ष केलं तरी चालतं.

मिरचीचा ‘बोकड्या’ (पानं आकसून वळणं) म्हणजे एक आजार नव्हे, पानाच्या वळणाकडे नीट बघा. कडा वरच्या बाजूला वळून पान द्रोणासारखं झालं तर बहुधा फुलकिडे. कडा खाली वळून पान लांबोडकं झालं तर कोळी (घरातला जाळ्यातला नव्हे, भिंगातून दिसणारा रस शोषणारा बारीक जीव). सगळा शेंडाच गुच्छासारखा आखूड झाला असेल आणि बागेत पांढरी माशी असेल तर विषाणू. पहिल्या दोघांवर इलाज आहे, तिसऱ्यावर नाही. ते रोप उपटायचं. भेंडीचा केवडा म्हणजे पानाच्या शिरा पिवळ्या पडणं, हाही विषाणूचाच. आता कागद काढा: शेंडा त्यावर झटका, मग हलणारे ठिपके भिंगातून बघा. बारीक लांबट धावणारे फुलकिडे. गुलाबाची किंवा वांग्याची पानं उन्हाळ्यात पांढुरक्या ठिपक्यांनी फिकी पडली आणि कागदावर लालसर ठिपके चालताना दिसले, तर लाल कोळी. त्याला कोरडी धूळ मानवते. पानांच्या पाठीवर पाण्याचा जोरदार फवारा दिला तरी बराच आटोक्यात येतो.

पानं काळी पडली असतील तर बोट ओढून बघा. काळा थर निघून खाली हिरवं पान दिसलं तर ती काजळी. ती पानात शिरत नाही. मावा, तुडतुडे, पिठ्या ढेकूण, पांढरी माशी यांच्या गोड चिकट स्रावावर नुसती वाढते. त्यामुळे काजळीवर बुरशीनाशक मारणं व्यर्थ. चिकटा कुठून येतो ते शोधा, आणि वरही बघा: नारळाखालची केळ आणि क्रोटन काळे झाले असतील तर मूळ वर झावळ्यांवर असू शकतं. २०१६ पासून भारतात पसरलेली चक्राकार पांढरी माशी झावळ्यांच्या खालच्या बाजूला मेणचट गोल नक्षीत अंडी घालते. तिच्यावर जगणारी बारीक परजीवी गांधीलमाशी आपोआप येते, म्हणून जहाल औषध टाळा. जास्वंदीवर मुंग्यांची रांग खालीवर करताना दिसली तर शेंड्याशी पिठ्या ढेकूण आहेत असं समजा.

सप्तपर्णी, करंज, उंबर आणि आंबा यांच्या पानांवर फोडांसारख्या गाठी येतात. आत किडे किंवा कोळी राहतात, पान त्यांच्याभोवती गाठ तयार करतं. दिसतं भयंकर, झाडाला त्रास जुजबी. रस्त्याकडेच्या सप्तपर्णीच्या गाठी पाहून झाड तोडा म्हणणारे सोसायटीत एकदोघे असतातच. त्यांना हे सांगा.

५. डाग

इथे थोडक्यात. पांढरी पूड बोटाला लागते ती भुरी. चाफ्याच्या पानाखाली नारिंगी पूड, तो तांबेरा. आंब्याच्या पालवीवर दमट हवेत काळे-तपकिरी चट्टे, तो करपा. तिन्हींत रोगट पानं झाडून नष्ट करणं आणि फांद्या विरळ करून हवा खेळती ठेवणं हा पहिला इलाज. संध्याकाळी पानांवर पाणी ओतणं बंद करा.

६. किडाच नसेल तर

माझ्या मते परसबागेत सर्वांत जास्त फसगत इथे होते, कारण दाखवायला कोणी आरोपी सापडत नाही.

पानांची टोकं आणि कडा तपकिरी, मधला भाग हिरवा, आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर: बोअरच्या पाण्यातले क्षार. रासायनिक खत जास्त झालं तरीही असंच दिसतं. कुंडीच्या आकाराच्या दोनतीनपट पाणी हळूहळू ओतून क्षार खालून वाहून जाऊ द्या, आणि पावसाळ्यात पागोळीचं पाणी साठवा.

नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्यागार: लोह मिळत नाही. चुनखडीच्या जमिनीत आणि बांधकामाचा राडारोडा भरलेल्या सोसायटीच्या आवारात लिंबू, मोगरा, पेरू यांना हे हमखास होतं. मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे मुळांना घेता येत नाही. हिराकस (फेरस सल्फेट) एका लिटरला ५ ग्रॅम विरघळवून आधी एका फांदीवर फवारून बघा, पान भाजलं नाही तर संध्याकाळी बाकी झाडावर. उलट जुनी पानं सरसकट पिवळी पडत असतील तर नत्र (नायट्रोजन) कमी आहे. शेणखत, गांडूळखत द्या.

माती ओली आणि झाड मलूल, तर आणखी पाणी घालू नका. मुळं कुजत आहेत.

पानं अरुंद, पिळवटलेली, शिरा एकमेकींना समांतर झाल्यासारख्या, तर २,४-डी या तणनाशकाचा संशय घ्या. टोमॅटो, कापूस आणि द्राक्ष त्याला फार हळवे. शेजारच्या रानातून वाऱ्याने आलेला शिडकावाही पुरतो. त्याहून वाईट म्हणजे तणनाशकाचा पंप नीट न धुता त्यात दुसरं औषध भरणं. दोन कामांसाठी दोन पंप ठेवा, त्याला पर्याय नाही.

७. मग फवारायचं काय?

अळ्या वेचणं, पानं खुडणं, पाण्याचा फवारा, एवढ्यावर बरीच कामं भागतात. पिठ्या ढेकूण आणि मावा यांना सौम्य साबणाचं पाणी. त्यापुढे निंबोळी अर्क: ५० ग्रॅम निंबोळी भरडून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत घाला, गाळा, चिमूटभर साबण घालून उन्हं कलल्यावर पानांच्या दोन्ही बाजूंना फवारा. उन्हात त्याचा असर लवकर जातो, आणि दिवसा फुलांवर मधमाश्या असतात. कढीपत्ता, तुळस, पुदिना ही थेट तोंडात जाणारी पानं. त्यांच्यावर बाजारातलं कीटकनाशक अजिबात नको.

८. तरीही उमगलं नाही तर

नमुना घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक) जा. पूर्ण वाळलेलं पान नेऊ नका, त्यातून काही कळत नाही. निम्मं चांगलं, निम्मं बिघडलेलं अशी छोटी फांदी सकाळी तोडा आणि वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवा. बंद प्लास्टिकच्या पिशवीत ती दिवसभरात कुजते. सोबत तीन फोटो: पूर्ण झाड, पानाची वरची बाजू, पानाची पाठ. किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर फोन केलात तर मराठीत बोलता येतं. झाड कोणतं, इजा कधी दिसली, पाणी कुठलं, आणि गेल्या पंधरवड्यात झाडावर, झाडाजवळ काय काय फवारलं, हे फोन लावण्याआधी कागदावर लिहून घ्या.