कोच बुडणार हे आधीच कसं ओळखायचं
रविवारी पहाटे पुण्यात चहा ठेवून अमेरिकन कॉलेज फुटबॉल बघणारे आम्ही दोन-चार येडे, तर सांगतो, स्कोअर नंतर बघा, आधी थोडक्या फरकाने सुटलेल्या मॅचेस मोजा. नेब्रास्का विद्यापीठाच्या टीमचा तेव्हाचा कोच स्कॉट फ्रॉस्ट घ्या, तिथलाच जुना क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा मुख्य खेळाडू), २०१७ ला यूसीएफला (सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाची छोटी टीम) १३-० (१३ विजय, एकही पराभव नाही) करून आलेला, सगळे खूश, आणि २०२१ ला ३-९, नऊच्या नऊ पराभव १० पॉइंटच्या आत! याला नशीब म्हणू नका. २०२२ ला डब्लिनमध्ये नॉर्थवेस्टर्नशी २८-१७ पुढे, आणि साहेबांनी अचानक ऑनसाइड किक (आपल्यालाच बॉल परत मिळावा म्हणून मुद्दाम मारलेली छोटी किक) मारायला लावली (कशाला रे बाबा?), बॉल समोरच्यांना, मॅच गेली ३१-२८. दोन मॅचनंतर नारळ.
आणि कोचचं यूसीएफसारख्या छोट्या टीमबरोबरचं यशही जरा कमीच धरा.